ढोलांशेजारी ॲन

(दृश्य: ठाण्याचा मासुंदा तलाव, संध्याकाळ. दुरून ढोलांचा आवाज.)

तलावपाळी मागे टाकली की हा आवाज कानावर येतो. गणपतीला दीड महिना आहे, पथकाचा सराव रंगात आलाय. आज मात्र पत्र्याच्या शेडखाली ढोल कडेला ठेवलेत आणि मध्ये सतरंजीवर एक बाई निजली आहे. कमरेपर्यंतच. हात नाहीत, पाय नाहीत, डोळे मिटलेले.

हिचं नाव ॲन. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायचा, म्हणजेच सीपीआरचा, सराव करण्यासाठीची ही डमी.

(क्लोजअप: डमीचा चेहरा.)

हा चेहरा नीट पाहा. असं सांगतात की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये सीन नदीतून एका तरुण मुलीचं प्रेत काढलं. ओळख पटवायला कुणीच आलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून प्लास्टरचा मुखवटा घेतला गेला आणि त्याच्या प्रती युरोपभर घरांच्या भिंतींवर लागल्या. तसाच एक मुखवटा नॉर्वेतल्या आस्मुंड लेरदाल यांनी नातेवाइकांच्या घरी पाहिला होता. लेरदाल खेळणी बनवायचे. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या, छोट्या गाड्या. स्वतःचा लहान मुलगा त्यांनी बुडता बुडता वाचवला होता. तोंडाने श्वास देण्याचा सराव करायला डॉक्टरांना बाहुली हवी होती. ते काम या खेळणीवाल्याने मनापासून अंगावर घेतलं आणि बाहुलीला चेहरा दिला तो त्या मुखवट्याचा. 1960 साली ॲन तयार झाली. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी दाखवून दिलं, की बंद पडलेल्या हृदयातून नुसती छाती दाबूनही रक्त फिरवता येतं. मग भूलतज्ज्ञ डॉ. पीटर साफार यांनी सुचवलं: हिच्या छातीत स्प्रिंग बसवा.

(आवाज: टक्. टक्. टक्.)

ही ती स्प्रिंग. पुरेसं खोल दाबलं तरच वाजते.

पहिला आला तो ढोलवाला. दंड बघा त्याचे. तरी टक् होईना, कारण तो मनगटाने मारतोय, टिपरू हातात असल्यासारखा. इथे कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, आणि भार कमरेतून. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात. पाच ते सहा सेंटीमीटर खाली, आणि दर वेळी पूर्ण वर. छाती वर येऊ दिली नाही तर हृदयात रक्त भरणार कुठून?

(दृश्य: ताशावाली मुलगी, हातात कामट्या.)

मिनिटाला 100 ते 120. हा वेग घड्याळात बघून हाताला कळत नाही, म्हणून ही मुलगी ताशा धरून बसली आहे. पथकातल्या पोरांची खोड अशी, की वाजवता वाजवता लय चढते. मिरवणुकीत त्यावरच गर्दी नाचते. इथे चढता कामा नये. ती मान हलवते, तो पुन्हा लयीत येतो. हे पुस्तकात वाचून येत नाही, आणि धडधडत्या छातीच्या जिवंत माणसावर कधीच करून बघायचं नसतं. यासाठीच ॲन.

मुलगे डमीवर बिनधास्त दाबतात, पण खरी बाई पडलेली असली तर हात लावायला कचरतात. शिकवणाऱ्या ताई हे मुद्दाम सगळ्यांसमोर बोलल्या, बरं झालं.

माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर एकाने 108 लावायचा आणि दुसऱ्याने दाबायला लागायचं. तोंडाने श्वास देणं शिकलेलं नसेल तर नुसतं दाबा. घोडबंदर रोडवर रुग्णवाहिका अडकली की चार-पाच मिनिटं सहज जातात, आणि तेवढ्यात मेंदूला इजा सुरू होते.

(दृश्य: हात बदलताना. घाम.)

दोन मिनिटं झाली. दमलेला हात नकळत उथळ दाबतो, म्हणून माणूस बदलायचा. झांजवाली पुढे सरकते, ओढणी कमरेला खोचते. टक्. पहिल्याच दाबाला.

(दृश्य: ॲनचा चेहरा पुसला जातोय. टेम्पोत ढोल चढतायत.)

शेवटी ॲन पिशवीत जाते. पुढच्या रविवारी कळव्याच्या पथकाकडे.