वाफ जिरू द्या

श्रोतेहो, नमस्कार. येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. इथे न्यू जर्सीत आपल्या मराठी घरांतही आता टर्की शिजते. पण घरात माणसं पाच-सहा, त्यांना अख्खा पक्षी कशाला? नुसतं टर्की ब्रेस्ट आणा, हाडासकट, पाच पौंडांचं, आणि इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये लावा. ओव्हन ‘पाय’ या इथल्या गोड पदार्थासाठी मोकळा राहतो.

गोठलेलं असेल तर मंगळवारीच फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. वेष्टन वाचा. पुष्कळदा मांसात आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, मग मीठ हात राखून. लोणी, लसूण, मिरपूड चोळा. भांड्यात एक कप पाणी, वर जाळी, जाळीवर ब्रेस्ट. हाय प्रेशरवर तीस मिनिटं. पुन्हा सांगते: एक कप पाणी, तीस मिनिटं. शिट्टीची वाट पाहू नका, या कुकरला ती नसते. आणि मग वाफ जिरू द्या.

यावरून आमच्या आत्याची गोष्ट सांगते. आत्या वेंगुर्ल्याची. एका थँक्सगिव्हिंगला ती आमच्याकडे राहायला आली होती. शेजारीण तिचं टर्की ब्रेस्ट घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आली, कारण तिच्या ओव्हनमध्ये दोन गोड ‘पाय’ भाजत होते. (मॅच लागली की पुरुष सगळे बाहेर सोफ्यावर आणि बायका आत, हे मला मुळीच पटत नाही. बटाटे कुस्करायला कुणालाही जमतं.) तर कुकर पीप-पीप वाजला. शेजारणीने लाकडी डाव उचलला आणि झडपेकडे हात नेला. आत्याने तिचं मनगटच धरलं. "वायच थांब गो!" शेजारणीला मालवणी कुठली कळायला! पण हात मात्र थांबला.

आत्या आयुष्यभर कुकर लावत आलेली. वाफ एकदम सोडली की दाब झर्रकन उतरतो, मांसातला रस उकळून बाहेर पडतो, आणि ब्रेस्टमध्ये चरबी जवळजवळ नसल्याने ते कोरडं, चिवट होतं. आत्याने यातलं काही सांगितलं नाही. तिने कढई ठेवली, कांदा टाकला, सुकं खोबरं घातलं, धणे, बडीशेप, लाल मिरच्या. खोबरं तांबूस होईपर्यंत तिचा हात थांबला नाही. शेजारीण कढईत वाकून वास घेत उभी. तेवढ्यात कुकरची दाब दाखवणारी पिन टक्‌ करून खाली पडली. आत्या म्हणाली, "आता."

झाकण उघडलं, हाडाला न लावता मधोमध थर्मामीटर खुपसला: १६५ फॅरनहाइटच्या वर. १६५ लक्षात ठेवा, त्याखाली चालत नाही. जाळीखाली एक कपाचे दोन कप झाले होते, सगळा टर्कीचा रस. शेजारीण ग्रेव्हीसाठी मैदा शोधू लागली. आत्याने पातेलं पुढे केलं आणि निम्मा रस ओतून घेतला, त्यात वाटण घालून उकळी काढली. त्या दिवशी टेबलावर एक मैद्याची ग्रेव्ही आणि एक तांबडा रस्सा. शेजारणीचा धाकटा मुलगा ब्रेड रोल रस्स्यात बुडवून खात होता, नाक पुसत, पण थांबत नव्हता. आता नोव्हेंबर लागला की शेजारीण वाटणाची बरणी मागायला येते. (आणि कॅनमधल्या क्रॅनबेरी सॉसपेक्षा आपली आंब्याची गोड चटणी कितीतरी बरी लागते, करून पाहा.)

तर वीस मिनिटं वाफ जिरू द्या, पिन पडू द्या. कातडी कुरकुरीत हवी तर ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या आचेखाली, चार-पाच मिनिटं, डोळ्यांसमोर ठेवून. कापताना मांसाच्या धाग्याला आडवं कापा. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. हाडं टाकू नका, त्याच भांड्यात पाणी घालून पुन्हा लावा, शुक्रवारी त्यात भात शिजवा.

नमस्कार.