कोरी जागा: टांकसाळीचं अक्षर खरंच राहून गेलंय का?

(दृश्य: भिंगाखाली १९८२ चा डाइम. सालाच्या वरची जागा मोकळी.)

हा अमेरिकेचा १९८२ चा डाइम, दहा सेंटचं नाणं. सालाच्या अगदी वर, नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते सांगणारं एक बारीक अक्षर असायला हवं: फिलाडेल्फियाचा पी किंवा डेन्व्हरचा डी. इथे काहीच नाही.

त्या काळी हे अक्षर मूळ साच्यातून येत नसे. तयार झालेल्या प्रत्येक डायवर, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या ठशावर, अक्षराचा पंच ठेवून ते हाताने ठोकलं जाई. एका डायवर ठोकायचं राहिलं, की तिच्यातून पडणारं प्रत्येक नाणं बिनअक्षरी. १९८२ मध्ये फिलाडेल्फियात नेमकं हेच झालं, आणि ती नाणी बाजारात गेलीसुद्धा. ओहायोतल्या सँडस्की परिसरात त्यांतली बरीच सापडली.

पण कोरी जागा हा स्वतः पुरावा नाही. आधी विचारायचं: या नाण्यावर अक्षर असायला हवं होतं का? फिलाडेल्फियाच्या एक सेंटवर अक्षर नसतंच, अपवाद फक्त २०१७ चा. तिथल्या डाइमवर आणि क्वार्टरवर (पंचवीस सेंटच्या नाण्यावर) पी आला तो १९८० पासून, त्यामुळे १९७९ चा कोरा डाइम अगदी नेहमीचा. १९६५, ६६ आणि ६७ या तीन वर्षांत तर कुठल्याच टांकसाळीने अक्षर दिलं नाही. संग्राहकांच्या हाती येणारी बहुतेक 'दुर्मिळ' नाणी इथेच गळतात.

(दृश्य: नाणं बोटांत तिरकं धरलेलं, एका बाजूने दिवा.)

आता दहापट भिंग घ्या. दिवा एकच ठेवा आणि तोही बाजूने, कारण वरून पडलेल्या उजेडात उठाव सपाट दिसतो. नाणं कडेने धरून हळूहळू फिरवा. डायवरच्या अक्षराच्या खाचेत ग्रीस आणि धातूचा भुगा दाबून बसला असेल, तर एखाद्या कोनात अक्षराची पुसट सावली उमटते. शेजारचे आकडे आणि अक्षरंही बहुधा अंधूक असतात. ही चूक आहे, पण किरकोळ. तिला फारसा भाव नाही. सावली कुठेच नाही, आजूबाजूचं सगळं मात्र ठसठशीत, असं दिसलं तरच आशा धरा.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, १९२२ चा लिंकन सेंट. त्या वर्षी सेंट फक्त डेन्व्हरने पाडले, म्हणजे प्रत्येकावर डी हवाच. काही डाय झिजल्या, आणि एक डाय घासून साफ करताना तिच्यावरचा डी गेला. संग्राहकांना हवी असते ती या घासलेल्या डायची नाणी. तिथे मागची बाजू ठळक असते, आणि सालातला शेवटचा २ त्याच्या आधीच्या २ पेक्षा स्पष्ट असतो. मागची बाजू पुसट असेल तर ते झिजलेल्या डायचं नाणं, आणि त्याचं मोलही बरंच कमी.

(दृश्य: खरवडलेल्या जागेचा जवळून घेतलेला भाग.)

सगळ्यांत जपायचं ते खोडलेल्या अक्षरापासून. इथे एकच कसोटी पक्की लक्षात ठेवा: रेघ उठलेली आहे की खोदलेली? डायवर ओरखडा असेल तर नाण्यावर ती रेघ उंच उठून येते. नाणं पाडून झाल्यानंतर कोणी अवजार चालवलं असेल तर ती रेघ खोल जाते. न वापरलेलं नाणं उजेडात फिरवलं की झळाळीचे पट्टे पृष्ठभागावरून सरकतात. अक्षराच्या जागी ते तुटले, तिथे मंद किंवा भलताच चकचकीत ठिपका दिसला, तर नाणं बाजूला ठेवा. तिथला पृष्ठभाग जरासा खोलगट लागला, तर उरलीसुरली शंकाही संपते.

१९९० च्या प्रूफ सेंटची, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या सेंटची, गोष्ट वेगळी. १९८५ पासून प्रूफ नाण्यांचं अक्षर मूळ साच्यातच आलं होतं, त्यामुळे पंच विसरायचा प्रश्नच उरला नव्हता. तरीही फिलाडेल्फियाच्या चलनी नाण्यांसाठीची एक डाय सॅन फ्रान्सिस्कोत प्रूफसाठी वापरली गेली, आणि एस राहून गेला. याची नक्कल करायला फिलाडेल्फियाचा साधा सेंट घासून चमकवतात. म्हणून आधी कड पाहा. प्रूफची कड रुंद आणि काटकोनी असते, चित्राच्या रेषा धारदार असतात आणि मोकळी जागा आरशासारखी. पॉलिश केलेल्या साध्या नाण्याची कड गोलसर राहते, बारीक तपशील विरघळल्यासारखे दिसतात.

२००७ च्या प्रेसिडेंशियल डॉलरवर तर टांकसाळीचं अक्षर थेट नाण्याच्या जाडीच्या कडेवर आहे, सालाच्या आणि मजकुराच्या सोबत. हा मजकूर नाणं पाडून झाल्यावर दुसऱ्या यंत्रात उमटायचा. ती पायरी चुकली, की कड पूर्ण गुळगुळीत. पण गुळगुळीत कड लेथवरही करता येते. अशा वेळी व्हर्नियर कॅलिपर आणि वजनकाटा काढा: व्यास २६.५ मिलिमीटर आणि वजन ८.१ ग्रॅम भरलं पाहिजे. कड घासलेली असेल तर व्यास कमी भरतो.