बडोद्याची खरेदी: वर्षाची कोठी आणि महिन्याची ट्रॉली

[हाथीखाना बाजार. एप्रिलची सकाळ, हातगाड्यांवर गव्हाची पोती.]

होळी उलटली की हाथीखान्याच्या धान्यबाजारात नवा गहू दिसू लागतो आणि एप्रिल-मेमध्ये बडोद्यातल्या घराघरांत वर्षाचं धान्य भरायची लगबग सुरू होते. दांडिया बाजार, बाबाजीपुऱ्यातल्या मराठी घरांनीही ही रीत कधीच आपलीशी केलेली आहे. भाव इथे मणावर बोलला जातो आणि इथला मण 20 किलोचा. पोळ्या खाणाऱ्या चार माणसांच्या घराला महिन्याला 12 ते 15 किलो गहू लागतो, म्हणजे वर्षाचे सात ते नऊ मण. पोळीसाठी टुकडी गहू घेतात. त्यात लोक-1 हे वाण सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं. लाडू-लापशीसाठी भालिया. गुजरातमधल्या भाल भागातल्या या गव्हाला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

[गच्चीवर पसरलेला गहू. दिवेल चोळणारे हात.]

गहू घरी आला म्हणजे काम संपलं, असं नाही. चाळून, निवडून दोन दिवस कडक उन्हात घालायचा, मग रात्रभर निवू द्यायचा. तापलेला गहू तसाच कोठीत ओतला, तर आत घाम धरतो आणि सोंडे-किड्यांना हवी ती ओल आयती मिळते. निवलेल्या गव्हाला दिवेल, म्हणजे एरंडेल, लावायचं. एका मणाला साधारण 100 ते 150 मिलि पुरतं. पाच-सात किलोचा ढीग समोर घ्यावा, तळहाताला तेल लावून दाणा चोळावा, मग पुढचा ढीग घ्यावा. एकदम सगळं तेल ओतलं, तर वरचा गहू माखतो आणि खालचा कोरडाच राहतो. तेल जास्त झालं की पीठ चिकट येतं, गिरणीवाला कुरकुरतो आणि पावसाळ्यात खवट वास सुटतो.

कोठी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, भिंतीपासून थोडी दूर, लाकडी पाटावर ठेवावी. पावसाळ्यात ती कोरड्या दिवशीच उघडावी आणि पंधरा दिवसांचा गहू लहान डब्यात काढून घ्यावा. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात ठेवायची जुनी सवय मात्र सोडलेलीच बरी. फॉस्फीन वायू सोडणाऱ्या कीडनाशक गोळ्या तर घरात आणूच नयेत, बंद खोलीत त्यांनी माणसं दगावतात.

ही सगळी यातायात परवडते, कारण पीक निघतं तेव्हा भाव उतरलेला असतो. पण त्यासाठी गच्ची हवी, कोठीला जागा हवी, घरात मोकळे हात हवेत आणि वर्षाचे पैसे एकदम बाहेर काढता यायला हवेत. गोत्री-वाघोडियाकडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये यातलं बरंचसं नसतं. सुपरस्टोअरचं गिऱ्हाईक तिथे तयार झालं.

[सुपरस्टोअर. ट्रॉल्यांची रांग.]

2001 मध्ये बिग बझार सुरू झालं, 2002 मध्ये पवईत पहिलं डी-मार्ट, 2006 मध्ये हैदराबादेत रिलायन्स फ्रेश. बिग बझारने 26 जानेवारी 2006 ला लावलेल्या सवलतीला अशी झुंबड उडाली, की महागड्या दिसणाऱ्या दुकानात शिरायला बिचकणारं गिऱ्हाईकही आत येतं हे सगळ्यांना कळून चुकलं. 2022 मध्ये ते नाव बाजारातून जवळपास पुसलं गेलं. भाड्याच्या जागा आणि कर्ज यांचा बोजा झेपला नाही. डी-मार्टने वाट वेगळी धरली: जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, माल ठरावीक आणि भराभर खपणारा, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते. त्यातून सुटणाऱ्या पैशांवर तिथली सवलत उभी आहे.

पण छापील किमतीपेक्षा कमी म्हणजे स्वस्त, हे गणित अर्धवट आहे. तेलाचंच बघा.

[शेजारी शेजारी: 15 किलोचा पत्र्याचा डबा, 15 लिटरचा प्लॅस्टिकचा जार.]

सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा, पत्र्याचा डबा 15 किलोचा. रॅकवरचा जार 15 लिटरचा. एक लिटर तेलाचं वजन सुमारे 910 ग्रॅम, म्हणजे जारमध्ये तेल फक्त 13 किलो 650 ग्रॅम. समजा डबा 2,700 रुपयांना आहे आणि जार 2,550 ला. जार दीडशेनं स्वस्त दिसतो. भागाकार केला, तर डबा 180 रुपये किलो पडतो आणि जार जवळपास 187. म्हणून तेल घेताना लिटर न बघता जारवर छापलेलं वजन वाचावं.

पाकिटावर आता एककाचा भावही छापावा लागतो. तो किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅममागे असतो आणि किलोच्या वरच्या पाकिटावर किलोमागे. 900 ग्रॅमचं पाकीट 5 किलोच्या पिशवीशी ताडून बघायचं, तर ग्रॅमच्या भावाला हजारानं गुणावं. मोठं पाकीट दरवेळी स्वस्तच पडतं असं नाही, आणि एवढासा हिशेब मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतो.

18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्य-पिठावर 5 टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या धान्यावर तो नाही. हाथीखान्यातून पोत्यातलं धान्य सुटं तोलून घेणाऱ्याच्या बाजूने हा एक मुद्दा आहेच.

[कोपऱ्यावरचं किराणा दुकान.]

या सगळ्यात किराणावाला मोडीत निघाला का? नाही. पन्नास ग्रॅम जिरं, वहीतली उधारी, फोनवर सांगितलेलं सामान पोऱ्याकरवी घरपोच: यातलं बरंचसं सुपरस्टोअरला जमत नाही. त्याला खरी झळ लागली ती साबण, पावडर, बिस्किटांच्या खपात, कारण नेमक्या त्याच मालावर मोठी दुकानं भाव पाडतात. आता दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अॅप्सनी त्याच्या किरकोळ विक्रीलाही हात घातलाय, आणि तो धोका आम्हाला मोठ्या दुकानांपेक्षा गंभीर वाटतो.

[पिठाच्या पिशव्यांचं रॅक. मग बिलाचं काउंटर.]

सुपरस्टोअरमध्ये गेल्यावर तीन गोष्टी पाळाव्यात. नवा माल मागे लावून जुना पुढे सरकवण्याची पद्धत असते, त्यामुळे मागची पिशवी काढून तारीख बघावी. पावसाळ्यात 10 किलो पीठ घेण्यापेक्षा 5 किलो घ्यावं, उघडलेल्या पिठाला श्रावणात जाळी धरायला वेळ लागत नाही. आणि बिल काउंटरवरून हलण्याआधी वाचावं. सवलतीची योजना संपते, पण रॅकवरची भावाची पट्टी काढायची राहून जाते. संगणक मात्र नवाच भाव लावतो. पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये असेल, तर फरकाचे पैसे तिथल्या तिथे मागता येतात.