डिसेंबरची पंगत: लंडनमधल्या आयरिश ज्येष्ठांचं नाताळ

(दृश्य: युस्टन स्टेशनचे फलाट, मग कॅम्डनचे रस्ते)

डब्लिनजवळच्या बंदरातून बोटीनं वेल्समधलं होलीहेड बंदर, तिथून रेल्वेनं लंडनचं युस्टन स्टेशन. 1950 आणि 60च्या दशकांत हजारो आयरिश तरुण या वाटेनं लंडनला आले आणि पुष्कळांनी स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, कॅम्डनमध्ये खोली शोधली. लंडन आयरिश सेंटर 1955 साली कॅम्डन स्क्वेअरवर सुरू झालं ते त्यामुळंच.

पहाटे वायव्य लंडनमधल्या क्रिकलवुडच्या क्राउन पबसमोर हे तरुण उभे राहत. ठेकेदाराची व्हॅन येई आणि हवी तेवढी माणसं घेऊन जाई. आपल्याकडचा मजूर नाकाच म्हणा. (लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू ज्या डॉलिस हिलमध्ये आहे, ते क्रिकलवुडला लागूनच.) एम-वन महामार्ग, व्हिक्टोरिया लाइनचे बोगदे या कामांवर आयरिश मजूर मोठ्या संख्येनं होते. मजुरी अनेकदा रोख मिळे, कागदावर नोंद नसे. नोंद नाही म्हणजे राष्ट्रीय विम्याचा हप्ता नाही आणि म्हातारपणी पूर्ण पेन्शनही नाही. त्यातले कितीतरी जण अविवाहित राहिले. आता ऐंशीच्या पुढचे हे लोक एकेका खोलीत एकटे राहतात.

नाताळात सेवाभावी संस्था आयरिश केंद्रांत जेवण घेऊन येतात ते यांच्यासाठी.

(दृश्य: मिनीबसची मागची लिफ्ट खाली येते आहे)

दिवस पंचवीस डिसेंबर नसतो. त्या दिवशी लंडनमध्ये बस आणि भुयारी रेल्वे दोन्ही बंद असतात, चालकही मिळत नाहीत. महिन्याचा दुसरा किंवा तिसरा आठवडा बरा. तेव्हा सूर्य चारच्या आतच मावळतो, म्हणून एकला पानं वाढायची आणि तीनला पहिली गाडी निघायला हवी. अंधारात निसरड्या फरशीवरून घरी जायचं म्हटलं की माणसं येतच नाहीत.

सगळा कार्यक्रम अडतो तो गाडीपाशी. सोळा आसनांची मिनीबस म्हणजे सोळा पाहुणे, हे गणित चुकीचं. एक व्हीलचेअर दोन-तीन आसनांची जागा खाते. खुर्ची चार पट्ट्यांनी जमिनीला बांधायची, माणसाला पट्टा वेगळा, आणि लिफ्ट सावकाश चालते. एका दारापाशी दहा मिनिटं धरली तर सहा घरांना तास जातो, रहदारीचा वेळ निराळा. त्यामुळे लांबच्या एकाच फेरीऐवजी जवळजवळच्या दोन फेऱ्या कराव्यात आणि जो आधी बसला त्याला परतताना आधी सोडावं. वाटेत शौचालय नसतं, याची नियोजन करणाऱ्या तरुणांना आठवण करून द्यावी लागते.

(दृश्य: स्वयंपाकघर, टर्की पक्ष्यात खुपसलेला तापमापक)

आयरिश नाताळच्या पानात टर्की आणि हॅम दोन्ही लागतात. बटाटेही दोन प्रकारचे, ओव्हनमध्ये भाजलेले आणि कुस्करलेले. सोबत पाव, कांदा आणि थाइम या सुगंधी पाल्याचं सारण, गाजर, ब्रसेल्स स्प्राउट्स, वर ग्रेव्ही. ऐंशी माणसांना हाड काढलेली कच्ची टर्की सोळा किलो धरावी. शिजल्यावर ती चतुर्थांशाहून जास्त घटते. बटाटे वीस किलो, स्प्राउट्स आठ किलो. हॅम असल्यानं टर्की थोडी कमी पडली तरी निभतं. बटाटे कमी पडून चालत नाही.

अख्खे मोठे पक्षी आणणं दिसायला छान, पण घोटाळा तिथंच होतो. गोठलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला किलोमागे दहा ते बारा तास घेते. सात किलोची टर्की आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवली तर बाहेरून मऊ आणि पोटात बर्फ, अशी ओव्हनमध्ये जाते. वरून तांबूस झाली तरी आत कच्चीच राहते. शिवाय कच्चा पक्षी नळाखाली धुण्याची सवय सोडावी. तुषारांबरोबर कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू ओट्यावर, सॅलडवर पसरतात. त्यापेक्षा टर्कीचे चार-पाच किलोचे बिनहाडाचे रोल आणावेत. शिजल्यावर मधोमध 75 अंश सेल्सियस दिसले पाहिजेत आणि वाढेपर्यंत अन्न 63 अंशांच्या वर राहिलं पाहिजे.

ब्रिटनमध्ये चौदा अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देता येणं बंधनकारक आहे. दाणे, अंडी, दूध सगळ्यांच्या लक्षात राहतं. सेलरी ही भाजी निसटते, कारण ती ग्रेव्हीच्या तयार पुडीत आणि स्टॉकच्या वड्यांत लपलेली असते. पाकिटं फेकू नयेत, पदार्थ वाढून होईपर्यंत हाताशी ठेवावीत. पुडिंग आणि ट्रायफल (केक, फळं आणि कस्टर्डचे थर) या गोड पदार्थांत अनेकदा मद्य असतं. पाहुण्यांत दारू मोठ्या कष्टानं सोडलेली माणसं असतात, तेव्हा बिनमद्याचं पुडिंगच सगळ्यांना द्यावं. त्यांना वेगळं ताट देऊन ओळख उघड करू नये.

वाढायला दोन रांगा लावाव्यात, म्हणजे ऐंशी पानं वीसेक मिनिटांत जातात. एकाच रांगेत शेवटच्या टेबलाची ग्रेव्ही साय धरते.

(दृश्य: सभागृह, अकॉर्डियन आणि फिडल)

जेवताना संगीत नको. श्रवणयंत्र काट्या-चमच्यांचा खणखणाटही वाढवून ऐकवतं. जेवण उरकल्यावर वाद्यं बाहेर काढावीत. सभागृहात श्रवणयंत्रांसाठी लूप, म्हणजे थेट यंत्रात आवाज पोचवणारी तार, बसवलेली असेल, तर तो लूप माइकमधून आलेलाच आवाज पोचवतो. ‘माझा आवाज मोठा आहे, माइक नको’ म्हणणारे प्रमुख पाहुणे प्रत्येक ठिकाणी भेटतात. त्यांच्या हातात माइक द्यावा आणि भाषण तीन मिनिटांत आटपावं.

भेटवस्तूंत बिस्किटांचे डबे फार येतात. मधुमेह असलेल्यांना ते कशाला? हातमोजे, जाड मोजे, चहाची पाकिटं घरी वापरली जातात. फोटो मात्र विचारूनच काढावेत, आणि ते कुठं दिसणार हेही सांगावं. आपण लंडनमध्ये कसे राहतो हे गावाकडच्या घरी कधीच न कळवलेली माणसं इथं बसलेली असतात.

दाराजवळ एका शांत टेबलापाशी केंद्राचा सल्लागार बसलेला असावा. पेन्शन क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना सरकार देतं त्या पूरक रकमेचा, अर्ज तीन महिने मागच्या तारखेपासून करता येतो. ते मिळालं की कडक थंडीत सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली राहिल्यास 25 पौंडांचा थंडीभत्ताही मिळतो. आमच्या मते दिवसभरातलं सर्वांत मोलाचं काम याच टेबलावर होतं, आणि जाहिरातीच्या फोटोंत ते कधीच नसतं.

यादीत नाव असूनही जे आले नाहीत, त्यांना त्याच संध्याकाळी ओळखीच्या माणसाकडून फोन जावा. ताट पाठवायचं तर चटकन थंड करून, 8 अंशांखाली ठेवून, गरम करायची सूचना मोठ्या अक्षरात चिकटवून पाठवावं. कोमट ताट घेऊन तासभर फिरू नये. पुढची भेट 6 जानेवारीला ठेवता येते. आयर्लंडमध्ये तो ‘नॉलिग ना मन’, बायकांचा नाताळ असतो. तोवर बाकीच्या संस्थांची वर्दळ संपलेली असते, त्यामुळे सभागृह आणि मिनीबस दोन्ही सहज मिळतात.