आधी सिद्ध कर, तो तुझा नवरा होता

मागे आवाज येतोय ना? बरं.

साताऱ्याकडे, या फौजी घरांच्या मुलखात, बोलायला आलं की एक बरं असतं, पेन्शन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. डिस्चार्ज बुक, पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं यांची फौजेतली नोंद), हयातीचा दाखला हे शब्द इथल्या म्हाताऱ्या बायकांनाही पाठ आहेत. म्हणून आज जिची गोष्ट सांगणारे ती बाई अमेरिकेतली असली, सव्वाशे वर्षांपूर्वीची असली तरी तिची अडचण तुम्हाला लगेच कळेल.

तिचं नाव हॅरिएट टबमन. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मली, १८४९ मध्ये पळाली आणि मग सुटका झालेली असताना परत परत त्याच मुलखात जाऊन सत्तरेक माणसं बाहेर काढली. हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण युद्धानंतर ती जवळजवळ पन्नास वर्षं जगली आणि त्यातली बरीचशी सरकारकडे पैसे मागण्यात गेली, ते फारसं कोणी सांगत नाही, आणि मला तेच सांगायचंय.

अमेरिकेचं यादवी युद्ध १८६१ ते १८६५, एकीकडे गुलामी टिकवू बघणारी दक्षिणेची राज्यं, दुसरीकडे उत्तरेचं सरकार. पेन्शनचा कायदा आला १८६२ मध्ये, साध्या शिपायाच्या विधवेला महिन्याला ८ डॉलर. अट काय, तर नवरा लढाईत किंवा नोकरीत लागलेल्या दुखण्याने गेला पाहिजे आणि तुमचं लग्न कायदेशीर पाहिजे. आता बघा, उत्तरेच्या सैन्यात पावणेदोन लाखांच्या वर काळे सैनिक होते, त्यातले बरेच कालपरवापर्यंत गुलाम, आणि गुलामांच्या लग्नाला कायद्यात काही किंमतच नव्हती, मालकाच्या मनात आलं की नवरा एकीकडे विकायचा, बायको दुसरीकडे. ज्या राज्यांनी त्यांना लग्नाचा कागद मिळूच दिला नाही तिथल्याच बायकांना आता विचारत होते, कागद दाखवा.

एप्रिल १८६४ मध्ये टेनेसीत फोर्ट पिलो इथे शरण आलेल्या काळ्या सैनिकांची दक्षिणेच्या फौजेने कत्तल केली. तिथला गोरा कमांडर मेजर बूथ, तोही त्याच दिवशी मारला गेला. त्याची विधवा मे महिन्यात थेट लिंकनना भेटली, आणि स्वतःसाठी नाही बरं का, त्या काळ्या सैनिकांच्या बायकांसाठी बोलायला. लिंकननी तिच्या हातात गुलामीविरोधी सिनेटर समनरच्या नावे चिठ्ठी दिली, की यांची लग्नं कायदेशीर धरून या बायकापोरांना मदत मिळायला हवी. जुलैमध्ये कायदा बदलला. नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलो हे साक्षीदारांनी सांगितलं की चालणार होतं. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वात मोठा क्षण वाटतो, कारण शेजारणीचा शब्द पहिल्यांदा सरकारी कागदाच्या जागी उभा राहिला.

आता हॅरिएट. युद्धात ती साऊथ कॅरोलिनात होती, जखमींची सेवा, स्वयंपाक आणि हेरगिरी. १८६३ च्या जूनमध्ये कर्नल माँटगोमेरीच्या तुकडीबरोबर कॉम्बाही नदीवर छापा घातला त्यात सातशेच्या वर गुलाम सुटले, वाटेची खबर हिने आणि हिच्या माणसांनी काढलेली. एवढ्या सगळ्याचे पैसे किती मिळाले? तीन वर्षांत २०० डॉलर. त्यातूनही तिने सुटून आलेल्या बायकांना धुण्याचं काम मिळावं म्हणून धोबीघर उभं केलं आणि स्वतःचं पोट पाई (सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि जिंजरब्रेड (आल्याचा केक) विकून भरलं. युद्ध संपल्यावर हक्काचे पैसे मागितले, परराष्ट्रमंत्री सेवर्डसारखा माणूस तिच्या बाजूने बोलला, तरी हाती काही आलं नाही.

१८६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी तिने नेल्सन डेव्हिसशी लग्न केलं. तो आठव्या काळ्या पायदळ रेजिमेंटचा शिपाई, तिच्यापेक्षा बराच लहान, तब्येतीने अशक्त. १८८८ मध्ये तो वारला. १८९० ला नवा कायदा आला, नव्वद दिवस नोकरी केलेल्या सैनिकाच्या गरीब विधवेला मरणाचं कारण न विचारता ८ डॉलर. तिने लगेच अर्ज केला.

आणि अडकला. कारण फौजेच्या नोंदीत नेल्सन डेव्हिस नावाचा हा माणूसच नाही, तिथे तो नेल्सन चार्ल्स! गुलामीतून आलेला माणूस, कधी मालकाचं आडनाव, कधी बापाचं, सुटल्यावर स्वतः निवडलेलं. त्यामुळे चार्ल्स आणि डेव्हिस एकच, हे सिद्ध करा. पहिला नवरा जॉन टबमन खरंच मेला का, तेही सिद्ध करा (त्याचा १८६७ मध्ये खून झाला होता). साक्षीपुरावे, शपथपत्रं, आणि हिला लिहिता येत नाही म्हणून सहीच्या जागी फुली.

इथे मला माझ्या आत्याचं सांगावंच लागेल. लग्नात आपल्याकडे मुलीचं नाव बदलायचे, तिचंही बदललं. रेकॉर्डला माहेरचं नाव गेलं, रेशनकार्डावर सासरचं, आणि काका गेल्यावर पेन्शनच्या खिडकीतला माणूस म्हणाला की या दोन वेगळ्या बायका दिसतात. आत्या घरी आली आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. नवरा गेल्याचं दुःख वेगळं, आणि तू त्याची बायको कशावरून हे ऐकणं वेगळं, हे मी त्या घरात बघितलंय.

अमेरिकेत तर १८८२ पासून असा कायदा होता की विधवा उघडपणे परपुरुषाबरोबर राहते असं दिसलं की पेन्शन बंद. तपासनीस गावात येऊन शेजाऱ्यांना विचारणार, हिच्याकडे कोण येतं जातं. महिना ८ डॉलरसाठी बाईचं सगळं आयुष्य चव्हाट्यावर. मला याचा राग येतो आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

हॅरिएटला पेन्शन मंजूर झाली ऑक्टोबर १८९५ मध्ये, पाच वर्षांनी, थकबाकी ५०० डॉलरच्या आसपास. पण ती थांबली नाही. ही पेन्शन नवऱ्याची होती, माझ्या कामाचं काय? तिने १८०० डॉलर मागितले, नर्स म्हणून, स्वयंपाकीण म्हणून आणि हेरांच्या तुकडीची प्रमुख म्हणून. ऑबर्नकडचे खासदार सेरेनो पेन यांनी महिना २५ डॉलरचं बिल आणलं. घासाघीस होऊन १८९९ मध्ये २० मंजूर झाले, विधवा म्हणून ८ आणि वर नर्स म्हणून १२, त्यात हेरगिरीचा एक सेंटसुद्धा नाही. बाईने जखमा बांधल्या हे त्यांना पटलं, बाईने माणसं घेऊन शत्रूच्या मुलखात वाट काढली हे नाही.

त्या तुटपुंज्या पैशावरही तिच्या घरी कायम कोणीतरी आश्रयाला असायचं. १८९६ मध्ये लिलावात शेजारची २५ एकर जमीन घेतली, तिथे १९०८ मध्ये म्हाताऱ्या निराधार लोकांसाठी घर सुरू झालं, आणि १० मार्च १९१३ ला ती त्याच घरात गेली. मागितलेले २५ आणि मिळालेले २०, यांच्या मधले ते महिन्याचे ५ डॉलर मात्र राहिले ते राहिलेच. २००३ साली, सिनेटर हिलरी क्लिंटन यांच्या पाठपुराव्याने, त्या फरकापोटी ११,७५० डॉलर तिच्या त्या घराच्या संस्थेला देण्यात आले.

आत्याचं काय झालं असं मघाशी ताईंनी खुणेने विचारलं. मिळाली तिला. तिच्या लग्नात अक्षता टाकलेल्या दोन म्हाताऱ्या तिच्याबरोबर तालुक्याला गेल्या, शपथेवर सांगितलं की ही तीच, आणि दोघींनी अंगठा उठवला. तर ज्यांची फाइल नावामुळे अडलीय त्यांनी चहानंतर थांबा, कागद आणले असतील तर मी बघते, आणि लग्नाला हजर असलेलं कोणी हयात असेल तर त्यांचं नाव-गाव आजच लिहून घेऊ.