पिवळ्या सोयाबीनचे मौन

ऑक्टोबरात इंदूरच्या छावणीतील धान्य मंडीत सोयाबीनच्या राशी लागतात, तेव्हा त्यांचा पिवळा रंग आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की त्यामागे काही कारण असेल अशी शंकाही येत नाही. माळव्यातील जुन्या शेतकऱ्यांना मात्र ‘कालीतूर’ आठवत असेल. काळ्या दाण्यांचे हे देशी सोयाबीन येथे पिवळ्या वाणांच्या आधीपासून पिकत होते. सोयाबीनच्या रानटी पूर्वजाचे दाणेही काळपटच असतात. पिवळ्या दाण्यातून रंगाची जनुके नाहीशी झालेली नाहीत. ती तेथेच आहेत आणि गप्प आहेत.

रंगद्रव्य घडवण्यासाठी लागणाऱ्या चाल्कोन सिंथेज या विकराचा (एन्झाइमचा) निरोप, म्हणजे त्याचा संदेशवाहक आरएनए, पिवळ्या दाण्याच्या सालीत 21 अक्षरांचे, म्हणजे 21 रासायनिक एककांचे, आखूड आरएनए कापून टाकतात. जनुक वाचले जाते, पण निरोप पोहोचत नाही. सोयाबीन मोझॅक विषाणू झाडात शिरला, की त्याचे एक प्रथिन ही यंत्रणा निकामी करते आणि पिवळ्या दाण्यांवर दडपलेला रंग डागांच्या रूपाने परत येतो.

मूकतेचा दुसरा मार्ग याहून खोल आहे. त्याचे नाव डीएनए मिथिलेशन.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिनला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा लहानसा मिथिल गट जोडला जातो. अक्षर तेच राहते. परंतु जनुकाच्या आरंभीच्या नियंत्रक भागात अशा खुणा दाटल्या, की वाचन सुरू करणाऱ्या प्रथिनांना तेथे बसणे कठीण होते, डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट आवळला जातो आणि निरोप लिहिलाच जात नाही. जनुकाच्या मधल्या भागातील मिथिलेशनने मात्र ते बंद पडतेच असे नाही, आणि हा भेद ध्यानात ठेवणे फार आवश्यक आहे.

खूण कोठे लावायची, हेही वनस्पतीत आखूड आरएनएच दाखवतात. 24 अक्षरांचे हे तुकडे आर्गोनॉट प्रथिनाच्या साथीने आपल्याशी जुळणारी जागा गाठतात आणि डीआरएम2 हे विकर तेथे मिथिल गट बसवते. आरएनएमुळे डीएनएवर अशी खूण उमटते, हे 1994 मध्ये तंबाखूच्या झाडात प्रथम दिसले. या पहाऱ्याचा मुख्य रोख असतो तो जनुकसंचात जागा बदलणाऱ्या ट्रान्सपोझॉन या डीएनए-तुकड्यांवर. सोयाबीनच्या जनुकसंचाचा अर्ध्याहून अधिक भाग अशाच तुकड्यांनी आणि त्यांच्या अवशेषांनी व्यापलेला आहे, असे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अक्षरक्रमातून दिसून आले.

पेशी विभागताना डीएनएची नवी प्रत तयार झाली, की मेट1 हे विकर जुन्या धाग्यावरील खुणांप्रमाणे नव्या धाग्यावरही खुणा उमटवते. सस्तन प्राण्यांत पुढची पिढी घडताना अशा बहुतेक खुणा पुसल्या जातात. वनस्पतींत त्यांतील पुष्कळ बियांमधून पुढे जातात.

1744 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने लिनारिया या फुलझाडाच्या एका विलक्षण झाडाचे वर्णन केले. नेहमीच्या दोन ओठांच्या फुलांऐवजी त्याची फुले सर्व बाजूंनी सारखी होती. 1999 मध्ये इंग्लंडमधील जॉन इन्स सेंटरच्या संशोधकांनी तशाच फुलांचे एक झाड तपासले, तेव्हा फुलाची घडण ठरवणारे ‘एलसायक’ जनुक मिथिल खुणांनी भरलेले आणि पूर्ण गप्प आढळले. अशा झाडाच्या एखाद्या फांदीवर कधी या खुणा विरळ होतात आणि तेथे पुन्हा दोन ओठांचे फूल उमलते.