मृत्युपत्रात आपलं नाव नाही, आता काय?

श्रोतेहो, नमस्कार.

वडील गेल्याचं एखाद्या चुलतभावाच्या फोनवरून कळतं. दहा-पंधरा वर्षं बोलणं नसतं. धावत-पळत पोचावं तर अग्नी दिलेला असतो. आणि तेराव्याच्या आसपास कुणीतरी हळूच सांगतं, 'मृत्युपत्र केलंय त्यांनी, त्यात तुझं नाव नाही.' अशा मुला-मुलींच्या हातात कायद्याने नेमकं काय आहे, यावर आज बोलू. बोलणं मुख्यतः महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांबद्दल आहे. मुस्लिम कायद्यात मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता देण्यावर बंधन आहे, तो हिशोब वेगळा.

कटू आहे, पण आधी तेच सांगतो. स्वतः कमावलेली मालमत्ता हिंदू माणूस मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो. दुसऱ्या बायकोला, पुतण्याला, देवस्थानाला. पोटच्या मुलाला एक पैसाही न ठेवण्याची मोकळीक त्याला आहे. 'बापाने अन्याय केला' हे कोर्टात कारण होत नाही. मृत्युपत्र करतातच मुळी वारसांचा नेहमीचा क्रम बदलण्यासाठी, तेव्हा केवळ मुलाला वगळलं म्हणून ते संशयास्पद ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे.

गोव्यात मात्र असं नाही. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने मुलांचा अर्ध्या मालमत्तेवरचा हक्क राखलेला आहे आणि कायद्यात दिलेल्या ठराविक कारणांशिवाय तो तोडता येत नाही. गोंयकार वडिलांचा फ्लॅट मुंबईत असला तरी त्यालाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं. मूळ गोव्याच्या घरांनी हे आधी तपासावं.

इतरांसाठी प्रश्न दोनच उरतात. जे दिलं ते वडिलांचं होतं का? आणि तो कागद खरंच त्यांचा आहे का? बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नाच्या मागे लागतात, सही खोटी आहे म्हणून वर्षानुवर्षं भांडतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तहसील कचेरीतल्या जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, पडून असतं.

'आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जित' हा समज घरोघरी आहे आणि त्याने अनेक दावे बुडालेत. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. आजोबा त्यानंतर वारले आणि त्यांची स्वतःची जमीन वारसाने वडिलांकडे आली, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता होते. नातवाचा तीत जन्मतः हक्क नाही. हे १९८६ पासून पक्कं झालेलं आहे. आजोबा १९५६ च्या आधी वारले असतील, किंवा जमीन एकत्र कुटुंबाची असून वाटपात वडिलांच्या वाट्याला आली असेल, तर चित्र पालटतं. म्हणून सातबाऱ्यावर गोल करून लिहिलेले फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक मागे जात प्रत्येकाची नक्कल काढा. वारसाने आली, वाटपाने आली, खरेदीने आली की कुळकायद्याने, हे त्या नोंदीतच लिहिलेलं असतं. शहरातल्या मिळकतीसाठी मालमत्ता पत्रक आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, काढा.

मिळकत एकत्र कुटुंबाची निघाली, तर वडिलांना फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. समजा घरात वडील, आई, एक मुलगा आणि एक मुलगी आहेत. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं मानून चार वाटे पाडायचे, कारण आपल्याकडे अशा वाटपात आईलाही वाटा मिळतो. त्यातला एक चतुर्थांश वडिलांचा. मृत्युपत्रात आख्खी जमीन लिहिली असली तरी चालतो तो एवढाच चौथा हिस्सा. मुलीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच झाला, आणि ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असण्याची गरज नाही, हे २०२० च्या निकालाने ठरलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर झालेलं वाटप उकरून काढता येत नाही.

आता कागदाकडे वळू. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी झाली म्हणजे ते सिद्ध झालं असं नाही, नोटरीच्या शिक्क्याने तर नाहीच. लागतं ते एवढंच: करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार. प्रत्येक साक्षीदाराने त्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा 'ही सही माझीच' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि स्वतःची सही त्याच्यासमोर केलेली असावी. हयात साक्षीदारांपैकी निदान एकाने कोर्टात येऊन हे सांगावं लागतं. बहुतेक वेळा मृत्युपत्र टिकतं किंवा कोसळतं ते या एका साक्षीत. कोण कुठे बसलं होतं, मजकूर वाचून कुणी दाखवला, साक्षीदाराला बोलावणं कुणाचं आलं, या प्रश्नांवर अडखळणारा साक्षीदार मृत्युपत्राला भारी पडतो.

शेवटचं पान हातात आलं की सावकाश बघा. मजकूर संपतो कुठे आणि सही कुठे आहे? मध्ये दाटीवाटीने बसवलेल्या ओळी आहेत का? आयुष्यभर मराठीत सही करणाऱ्या माणसाने इथे अंगठा का दिला? आतल्या पानांवर सह्या आहेत का? 'मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मृत्युपत्रात असतं, त्याच्यावर विसंबू नका. डॉक्टरांचा दाखला जोडलेला असेल तर तो त्याच तारखेचा आहे का, आणि ते डॉक्टर नेहमी उपचार करणारे होते का, ते पाहा. त्या आठवड्यातली इस्पितळाची कागदपत्रं कोर्टामार्फत मागवता येतात. ज्याला सगळं मिळालं त्यानेच वकील आणला, साक्षीदार आणले, कागदही स्वतःकडे ठेवला, तर ही संशयाची ठळक जागा. असे संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर आहे, हे १९५९ पासूनचं सर्वोच्च न्यायालयाचं सूत्र आहे. मात्र 'दबाव टाकला', 'फसवलं' असा आरोप तुम्ही केलात, तर तो तारीख-वार देऊन तुम्हालाच सिद्ध करावा लागतो. पुरावा नसताना हे शब्द कैफियतीत, म्हणजे कोर्टातल्या तुमच्या लेखी म्हणण्यात, घालू नका.

नक्कल मिळवायची कशी? मृत्युपत्र नोंदवलेलं असेल तर करणारा हयात असेपर्यंत ती इतरांना मिळत नाही, पण मृत्यूनंतर कुणीही अर्ज करू शकतो. मृत्यूचा दाखला घेऊन दुय्यम निबंधकाकडे जा आणि पुस्तक क्रमांक तीनचा, म्हणजे मृत्युपत्रांच्या नोंदवहीचा, शोध मागा. शोध घेताना आधीची मृत्युपत्रंही बघा. शेवटचं मृत्युपत्र पडलं, तर त्याआधीचं वैध मृत्युपत्र उभं राहतं, आणि त्यातही तुम्ही नसाल तर एवढा खटाटोप फुकट जातो. कोणतंच टिकलं नाही, तरच पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना सारखे वाटे मिळतात.

नोंदवलेलं नसेल, तर ते कधीतरी बाहेर यावंच लागतं. गावात ते तलाठ्याकडे येतं. फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत लेखी द्या, पोच घ्या. मग प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. त्यांनी विरुद्ध निकाल दिला तरी खचू नका, प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील आहे. शिवाय फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालयच ठरवतं. शहरात हाऊसिंग सोसायटी आणि बँक यांना लेखी कळवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, एवढं एक वाक्य त्या पत्रात असू द्या.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब. त्याचा अर्ज होईल असं वाटत असेल तर आधीच कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय देऊ नका' अशी हरकत, दाखल करता येतं. मुंबईच्या मिळकतीसाठी ते उच्च न्यायालयात, इतरत्र तिथल्या दिवाणी न्यायालयात. मुंबई उच्च न्यायालयात कॅव्हेटनंतर आठ दिवसांत कारणं देणारं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यानंतर अर्जाचा दावा होतो आणि साक्षीपुरावे सुरू होतात. इथे एक चूक फार होते. प्रतिज्ञापत्रात 'जमीन वडिलोपार्जित आहे' यावरच सगळा भर दिला जातो. प्रोबेटचं न्यायालय फक्त मृत्युपत्र खरं की खोटं एवढंच बघतं, मालकीत शिरत नाही. त्या मुद्द्यासाठी वाटपाचा दावा वेगळा लावायचा, मनाई हुकूम मागायचा आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची. नाहीतर निकाल लागेपर्यंत मिळकत तिसऱ्याच्याच नावावर गेलेली असते. तुम्हाला न कळवता प्रोबेट झालं असेल, तर ते रद्द करून घेण्याचा अर्जही करता येतो. मुदतीचे नियम दाव्यागणिक वेगळे आहेत, पण कळल्यापासून तीनच वर्षं हातात आहेत असं धरून चाला.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं विरुद्ध गेली तरी काही जणांना एक वाट उरते आणि ती फारशी कुणी सांगत नाही. अज्ञान, म्हणजे वयात न आलेली, मुलं, अविवाहित मुलगी आणि विधवा पत्नी यांना मृत्युपत्रात काहीच ठेवलं नसेल, तर ज्यांना मालमत्ता मिळाली त्यांच्याकडून त्या मालमत्तेतून पोटगी मागता येते. ही तरतूद १९५६ च्या दत्तक आणि पोटगी कायद्यात आहे. वडिलांनी पहिलं घर सोडलं आणि धाकटी मुलगी अजून शिकतेय, अशा ठिकाणी ही मागणी पहिल्याच नोटिशीत घाला.

शेवटी, दिवसकार्य चालू असताना पुढे येणाऱ्या कागदांबद्दल. 'बँकेसाठी लागतंय', 'नुसती वारस नोंद आहे' असं म्हणत संमतीपत्र, ना-हरकत किंवा हक्कसोड पत्र सहीला आणलं जातं. प्रोबेटच्या अर्जाला दिलेली संमती म्हणजे मृत्युपत्र मान्य केल्यासारखंच आहे आणि नोंदवलेलं हक्कसोड पत्र फिरवणं अतिशय अवघड जातं. कागद ठेवून घ्या, फोटो काढा, मृत्युपत्राची नक्कल मागा आणि दोन्ही वकिलाला दाखवल्यावरच सहीचं ठरवा. कुणाला राग येईल, येऊ द्या.

नमस्कार.